जहाज सरकतं, असं बाबा म्हणतात

१२ जानेवारी, रविवार

आज पालघरला तोंड उघडलं आणि फसले.

हिमानी मॅडमच्या घरी प्रदर्शनाची बैठक होती. जिल्ह्यातले आम्ही सगळे कॅमेरेवाले, प्रत्येकाला एक भिंत, मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी. एकजण म्हणाला किल्ले लावतो, दुसरा म्हणाला जव्हारचे धबधबे, तिसऱ्याचे पक्षी तयारच होते. माझी पाळी आली. बारा महिने बोईसरच्या स्टुडिओतर्फे लग्नं काढणारी मी, लावणार काय? नवरीचे मेंदीचे हात? मी म्हणाले, "दांडीसमोर बुडालेलं जहाज. पाण्याखालून."

सगळे माझ्याकडे वळले. मॅडमनी विचारलं, "आपल्या या समुद्रात? जमेल?" म्हटलं, "जमेल की!"

दिवाळीनंतर मालवणला जाऊन स्कूबा शिकून आले, कार्ड मिळालं, पाण्यात चालणारी कॅमेऱ्याची डबीही घेतली, इथवर खरं आहे. पण ते जहाज मी जन्मात पाहिलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१३ जानेवारी, सोमवार

जहाज आहे हे आमच्या दांडी गावात पोरासोरांना ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, लग्नाआधी कधीतरी माल घेऊन जाताना बुडालं, माणसं वाचली. ट्रॉलरवाले तो सगळा पट्टाच टाळतात, कारण जाळं अडकलं की गेलं. नेमकं कुठे आहे ते मात्र बाबांनाच माहीत. ते तिथे एकटे छोटी होडी घेऊन जातात आणि गळाने गोबरा धरून आणतात. गोबरा म्हणजे खडकात, भोकात राहणारा जाडजूड मासा, बाबांसारखाच मितभाषी.

दर्यात पाटी लावता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरायच्या, मग दुसरीकडच्या आणखी दोन. दोन रेषा जिथे मिळतात तिथे होडी. याला खूण म्हणतात. मी पालघरजवळच्या माहीमच्या बागायती वाडीतली, आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, त्यामुळे हे सगळं मला लग्नानंतर कळलं.

बाबा ओटीवर गळाची दोरी सोडवत बसले होते. जाऊन सरळ विचारलं, "बाबा, जहाजाची खूण सांगाल का?"

मला वाटलं होतं मागे लागावं लागेल. पण त्यांनी लगेच सांगितली! कारखान्याची चिमणी देवळाच्या शिखरावर धरायची, आणि महालक्ष्मीचा सुळका सुरूच्या बनाच्या शेवटच्या झाडावर. आई बाजूला सुके बोंबील निवडत होत्या. त्यांना नेमका तेव्हाच असा ठसका लागला की उठून आत गेल्या. मिठाचा खकाणा उडतो ना.

किती साधा माणूस! उगीच लोक म्हणतात पुंडलिक तांडेल पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहिली बुडी. अष्टमी उलटून गेली की भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी आणि गाळ जरा खाली बसलेला. केदारनेही हाच दिवस धरला होता. केदार मालवणचा, बोईसरच्या कंपन्यांचे समुद्रातले पाइप तपासायला आलेला पाणबुड्या. सिलिंडर, पट्टे, सगळं त्याचंच. त्याचं इथलं काम फेब्रुवारीअखेर संपतं, म्हणजे माझंही.

शेजारच्या दादूच्या होडीतून गेलो. चिमणी शिखरावर आणली, सुळका झाडावर आणला, नांगर टाकला. मी देवाचं नाव घेऊन मागे पडले.

पाणी मालवणचं निळं नव्हे, आपला घरचा चहा. खाली पोचले तर गाळ. इकडे गाळ, तिकडे गाळ. हात पुढे केला तर बोटं दिसत होती, मनगटाची खात्री नव्हती. फ्लॅश मारला की गाळाचे कण असे चमकायचे की सगळ्या फोटोंवर अक्षता पडल्यासारख्या दिसतात. लग्नाची सवय सुटत नाही म्हणायची.

एकूण कमाई: एक खेकडा, एक डाव्या पायाची चप्पल. चप्पल बरी आली आहे.

परत आलो तर बाबा किनाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या होडीवर बसलेले. आई म्हणाल्या, सकाळपासून तिथेच होते, जेवायलाही आले नाहीत. मी हात हलवत येते की तोंड पाडून, तेवढं बघायचं असणार. मला पाहिल्याबरोबर उठले आणि एकदम खुशीत म्हणाले, "नाय मिळाली? जाऊ दे. तळाला गाळ हाय ना, जहाज सरकतं."

"एवढं लोखंडी जहाज सरकतं?"

"तर! थोडं थोडं." आणि दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले.

२६ जानेवारी, रविवार

बाबा पहाटे एकटेच गेले आणि उन्हं तापायच्या आत गोबरा घेऊन आले. आईंनी कालवण केलं. मी विचारलं, "कुठे मिळाला?" म्हणाले, "दर्यात."

कालवण मात्र असं झालं होतं की भावेशने ताट पुसून खाल्लं. भावेश म्हणजे आमचे पतिराज, बोईसरला कंपनीत शिफ्टवर असतात आणि माझ्या प्रत्येक संकटात झोपेत असतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी बुडी. बाबांनी या खेपेला आपण होऊन खूण सुधारून दिली. जहाज सरकलंय ना, म्हणून आता चिमणी पाण्याच्या टाकीवर धरायची. केवढी काळजी माझी!

पुन्हा गाळ. एक भलंमोठं पाकट, तो चपटा लांबशेपट्या मासा, गाळातून उठून माझ्या पोटाखालून गेलं आणि मी तोंडातली नळी चावून धरली. फोटोत फक्त शेपटी आली.

वर आल्यावर केदार म्हणाला, "ताई, रागावू नका. तुमच्या सासऱ्यांना नक्की माहीत आहे ना जागा?" मी असं फाडफाड बोलले त्याला! म्हटलं, त्यांचा उभा जन्म दर्यात गेला आहे, खोट असेल तर आपल्या नांगर टाकण्यात असेल. बिचारा दादूकडे बघत राहिला. दादू चिमणीकडे बघत राहिला.

आजही बाबा त्याच उलट्या होडीवर. आजही खुशीत.

आता एकच भांग उरली. मॅडमचा फोन आला होता, पत्रिकेत "दांडीचे बुडालेले जहाज" असं छापायला टाकलंय म्हणे. मी "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवून चप्पलेचा फोटो पुन्हा बघितला. भिंतभर लावला तर कसा दिसेल?

९ फेब्रुवारी, रविवार

माझ्यासारखी खुळी पंचक्रोशीत नसेल.

सकाळी चहा घेताना भावेशला म्हटलं, माझं नशीबच फुटकं, बाबा एवढी नीट खूण सांगतात आणि जहाज सापडत नाही. त्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "काय सांगितली?" मी सांगितली. तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"दहावी झालो तेव्हा मलाही शिखरावरचीच दिली होती," म्हणाला. "अगं, चार वर्षं गळ टाकला तिथे. एक शिंगाळा मिळाला, तोही आंधळा असावा. म्हणून तर मी कंपनीत लागलो."

"आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"मला वाटलं, तुला खरी देतील. तू लाडकी आहेस."

इथल्या मच्छीमारांची ही जुनी खोड. घरचा सगळा कारभार सांगतील, खूण नाही. सख्ख्या पोराला नाही, भावाला नाही. विचारणाऱ्याला नाही म्हटलं तर तो पाळत ठेवतो, म्हणून एक खोटी खूण तयारच ठेवायची आणि प्रेमाने द्यायची. हे मला कुणी लग्नात सांगितलं असतं तर!

तरातरा आईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मला काय इचारतेस? मला लगीन होऊन आले तवा एक सांगितली, भावेश जाला तवा दुसरी. दोन्ही खोट्या. म्यां दादूच्या आईकडून तपास केला."

म्हणजे तो ठसका नव्हताच. हसत होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

भांडले. लिहिते तसंच्या तसं.

मी: "बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

बाबा: "खोटं कुठं? तू खूण मागितली, मी खूण दिली. खरी देतो असं बोललो का?"

मीही माघार घेतली नाही. म्हटलं, माझी भिंत रिकामी राहील, मॅडमपुढे नाक कापलं जाईल, पुन्हा आयुष्यभर नवरीच्या मागे उभी राहून "मान थोडी खाली" म्हणत बसेन, तुम्हाला तुमचा गोबरा प्यारा.

त्यांनी गळाची दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "खाली जाळी हायत, पोरी. एवढ्या वर्सांची. सगळ्या गावाची अडकलेली. माशाला दिसत नाय, मानसाला काय दिसनार?"

"म्हणे जाळी! केदार रोज पाइपांत शिरतो."

"केदारला जाऊ दे ना शिरायला."

निमित्तं आहेत सगळी. गोबऱ्याचीच भानगड आहे. मी रागाने सांगून टाकलं, की मुरब्याच्या कमलेशच्या मोठ्या बोटीवर तळ दाखवणारं यंत्र आहे, तो मला एका दिवसात जहाज शोधून देईल. कमलेश कुठलाही मासा, कुणाचाही मासा, असा माणूस आहे. बाबांचा चेहरा पडला. पडू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अबोला. चहा करून देते, कप जरा आपटून ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ओटीवरून आईंचा आवाज येत होता. "ती जानारच. वाडीवाल्यांची पोर हाय, बोलली ते करनार. मंग त्या कमलेसच्या बोटीवर गेली तर तिथं दोरी कोन धरनार? तो?"

थोड्या वेळाने बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सुक्करवारी मी नेतो. माज्या होडीतून. पन मी सांगेन तसं ऐकायचं."

कमलेशचं नाव काढल्याबरोबर कसे सरळ आले! जागा जाईल म्हणून घाबरले. मी मनातल्या मनात नाचले आणि वरून फक्त "बरं" म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हात अजून खारट आहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे किनाऱ्यावर बाबांनी चकलीचा डबा पुढे केला. "फोन." माझा, केदारचा आणि आपला स्वतःचाही फोन डब्यात, झाकण लावून डबा आईंच्या ताब्यात. मग केदारच्या मनगटावरचं यंत्र बघितलं. "यात काय दिसतं?" केदार म्हणाला, "खोली आणि वेळ, काका." ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि नाइलाजाने राहू दिलं. शेवटी दोन टॉवेल दिले. डोक्यावरून तोंडावर घ्यायचे, पाठ किनाऱ्याकडे, सांगेपर्यंत वर बघायचं नाही.

केदार आणि मी अंतरपाटाआड बसलेल्या वधूवरांसारखे टॉवेलात. हसू आवरेना. ऊन आधी उजव्या गालाला लागत होतं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. बाबा आम्हाला गोल गोल फिरवत होते! केदार टॉवेलातून म्हणाला, "काका, डिझेल संपेल." उत्तर आलं, "तुज्या बापाचं हाय?"

मग इंजिन बंद झालं. शिशाचं वजन बांधलेली दोरी खाली गेली आणि थांबली. बाबांनी मला दोरीवर हात ठेवायला लावला. वजन खाली कशावर तरी आपटत होतं, आणि गाळ असा लागत नाही.

मग दोरीवरून वाद. बाबांना ती माझ्या कमरेला बांधायची होती. केदार म्हणाला, अजिबात नाही, दोरीच अडकेल. दोघे माझ्या अंगावरून असे भांडले की मी म्हणजे नांगरच. शेवटी ठरलं की दोरी जहाजापर्यंत सोडायची, वरचं टोक बाबांच्या हातात, खाली पोचल्यावर मी दोन हिसके द्यायचे, निघताना तीन. आत शिरायचं नाही. एवढा संशय! मी काय त्यांचे गोबरे पिशवीत घालून आणणार होते? निघताना त्यांनी जाळं कापायची आपली सुरी माझ्या पट्ट्यात खोचली. ती कुणाला हातही लावू देत नाहीत, त्यामुळे मी जरा गोंधळले.

खाली गेले. आधी चहा, मग काळा चहा, मग काहीच नाही. मग केदारच्या टॉर्चमध्ये एकदम लोखंडी कठडा आला, आणि मी नळीतून ओरडले. बुडबुडेच बुडबुडे!

जहाज आडवं पडलंय. अंगभर कालवं, पांढरी-केशरी झुडपं, आणि सगळ्यावरून जाळी. जुनी, नवी, एकावर एक. कठड्यावरून ती मांडवाच्या पडद्यांसारखी लोंबत होती आणि त्यांच्यातून बोटभर मासे बिनदिक्कत ये-जा करत होते. पाण्यात आज दोन-तीन हातांपर्यंत दिसत होतं, आपल्या समुद्राच्या मानाने आरसाच. मी फ्लॅश अगदी बाजूला ओढला, म्हणजे अक्षता कमी पडतात. आणि एका गोल खिडकीत तो होता. गोबरा. केवढा थोरला! खालचा ओठ पुढे, कपाळाला आठ्या. मी हातभर अंतरावर गेले, तरी हलला नाही. "मान थोडी खाली," असं मी खरंच मनात म्हणाले, आणि त्याने केली.

त्याच आनंदात मागे सरकले आणि डावा पाय येईना. ओढला, तर उजवाही धरला गेला. वळून बघितलं तर काही दिसेना, नायलॉनच तो. घाबरले. मनापासून घाबरले, इथे लपवायचं कशाला? केदार पलीकडच्या बाजूला होता. सुरी काढली, चाचपून चाचपून कापलं, तेवढ्यात केदार आला आणि त्याने बाकीचं सोडवलं. फार वेळ गेला नसेल, पण मला तो फार वाटला. तीन हिसके दिले.

वर येतानाच ठरवून टाकलं होतं की हे घरी सांगायचं नाही. केदारलाही डोळ्यांनी सांगितलं. बाबांनी मला काखेत धरून होडीत ओढलं, दोरीने त्यांचे तळहात लाल झाले होते. माझ्या पायातला पोहायचा पंखा सोडताना त्याच्या बकलात अडकलेला नायलॉनचा तुकडा त्यांना मिळाला. तो त्यांनी बोटाला गुंडाळला आणि खिशात टाकला. दर्यात कचरा टाकलेला त्यांना चालत नाही.

मी कॅमेरा पुढे केला. "बघा तरी! तुमचा गोबरा!"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मासा बघितला नाही, जहाज बघितलं नाही. म्हणाले, "तू किती जवळ होती?"

"हातभर."

"टावेल घ्या," ते म्हणाले आणि इंजिन चालू केलं. एवढा फोटो, आणि कौतुकाचा एक शब्द नाही! परतीच्या वाटेवर एकदाही गोल फिरवलं नाही, सरळ घरी आणलं. घाईत विसरले असतील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो छापून आला. गोबरा भिंतीवरून असा बघतो की पाहणाऱ्याने आधी नमस्कार करावा. केदार आज मालवणला गेला, जाताना बाबांच्या पाया पडला.

फोटोखालची पाटी करायची होती. मॅडमनी विचारलं, "स्थळ काय लिहू? दांडी?" दीड महिना मी हेच म्हणवून घ्यायला मरत होते. दांडीचं जहाज, दांडीची सून. हो म्हणणारच होते. दांडी लिहिलं की कमलेश यंत्र घेऊन निघालाच. त्या खिडकीतल्या म्हाताऱ्याची कपाळाची आठी आठवली.

"अरबी समुद्र लिहा," मी म्हणाले.

"अगं, तो आफ्रिकेपर्यंत आहे!"

"असू दे." पत्रिकेतलं दांडी त्यांनी काळ्या शाईने खोडलं, प्रत्येक प्रतीवर, मला शिव्या देत. घरी कुणाला बोलले नाही. फार वाईट वाटलं, आणि रात्री झोप मात्र छान लागली.

१ मार्च, शनिवार

किल्ल्यांपुढे दोन माणसं, धबधब्यांपुढे चार, माझ्या भिंतीपुढे रांग! एक छोटी मुलगी गोबऱ्याकडे बघून म्हणाली, "आमचे हेडसर." मॅडमनी मला मिठी मारली. शाई माफ झाली असावी.

बाबा पांढरा सदरा घालून आले. फोटोपुढे उभे राहिले, चष्मा लावला आणि आधी खालची पाटी वाचली. बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग पुन्हा वाचली. मग पहिल्यांदा मान वर करून फोटो बघितला आणि किती वेळ बघतच राहिले. "असं हाय व्हय," एवढंच म्हणाले. डोळे पुसले. हॉलमध्ये नवा रंग दिलाय, त्याचा वास झोंबतो.

एवढ्यात मुरब्याचा कमलेश आला, गळ्यातली साखळी सावरत. "वैनी, एक नंबर! कुठं हाय ही जागा?"

बाबा दुसऱ्या भिंतीवरचे पक्षी बघायला लागले.

"मालवण," मी म्हणाले. "तिथेच शिकले ना मी."

"तरीच! आपल्या गढूळ पान्यात असलं काय दिसनार," म्हणत तो किल्ल्यांकडे गेला.

परत येताना बोईसरच्या नाक्यावर भावेश वडापाव आणायला उतरला. आई मागे पेंगत होत्या. बाबा पुढच्या सीटवरून मागे वळले आणि हळू आवाजात त्यांनी मला खूण सांगितली. दोन्ही रेषा, आणि भरतीला किती सोडून धरायचं तेही. मग माझ्याकडून म्हणवून घेतली.

"ही खरी?" मी विचारलं.

"खरी."

"भावेशला नाही दिलीत. मला का?"

ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू खाली गेली आनि वर आली."

मी खूण मनात पुन्हा एकदा म्हणून बघितली. आईंचं पेंगणं थांबलं होतं, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. खूण काय ते इथे लिहिणार नाही.

भावेश पुड्या घेऊन आला, आमच्या तोंडांकडे बघितलं आणि गाडी सुरू करताना विचारलं, "काय गं, बाबा काय सांगत होते?"

"गाडी हळू चालवायला सांग म्हणाले," मी म्हटलं.

बिचाऱ्याने दांडीपर्यंत खरंच हळू चालवली.